इंग्रजीतील पूर्णकाळ आणि मराठीतील ‘आहे’–‘होते’ : अध्यापनातील एका अडचणीचा विचार

प्रास्ताविक

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांत प्रथम वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने इंग्रजीतील बारा काळांचा तक्ता शालेय जीवनात वारंवार घोकलेला असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकवला जाऊ लागला. त्यापूर्वी मराठी माध्यमात तो पाचवीपासून असे. म्हणजे आजचा विद्यार्थी इंग्रजीच्या सहवासात आधीच्या पिढीपेक्षा चार वर्षे अधिक राहिलेला असतो. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप, हे सूत्र त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. असे असूनही त्याच्या लेखनात पुढील तीन वाक्ये हमखास आढळतात : ‘आय हॅव पास्ड एस.एस.सी. इन २०१९’, ‘आय हॅड गॉन टू कल्याण यस्टरडे’ आणि ‘आय ॲम लिव्हिंग इन बदलापूर सिन्स टेन इयर्स’.

या वाक्यांत क्रियापदाचे एकही रूप चुकलेले नाही. ‘पास्ड’ हे ‘पास’चे तिसरे रूप आहे, ‘गॉन’ हे ‘गो’चे आहे, सहायक क्रियापदेही कर्त्याशी जुळणारी आहेत. चूक रूपात नसून उपयोजनात आहे आणि आपले बहुतेक अध्यापन मात्र रूपावर खर्च होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या चुका इंग्रजीच्या अज्ञानापेक्षा मराठीच्या पक्क्या ज्ञानातून निर्माण होतात. विद्यार्थी मराठीत अगदी शुद्ध असलेले वाक्य ‘आहे’ला ‘हॅव’ आणि ‘होते’ला ‘हॅड’ ठेवून इंग्रजीत नेतो. तसे करायला त्याला आपणच, म्हणजे शाळा-महाविद्यालयांतील भाषाशिक्षकांनी, शिकवलेले असते. हे समीकरण कोठे टिकते आणि कोठे तुटते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. इंग्रजीखेरीज अन्य विषयांच्या प्राध्यापकांनाही हा प्रश्न परका नाही; अहवाल, प्रमाणपत्रे आणि शोधनिबंध आपण सर्वच जण लिहितो.

‘पूर्ण’ या नावाचा घोटाळा

लॅटिन ‘पर्फेक्टस’ म्हणजे पूर्ण झालेले. त्यावरून इंग्रजीत ‘परफेक्ट टेन्स’ ही संज्ञा आली आणि तिचे मराठी ‘पूर्णकाळ’ असे झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्या काळात इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवून मराठीची व्याकरणे रचली जात होती आणि पुढे त्याच मांडणीतून मराठी मुलांना इंग्रजी शिकवले जाऊ लागले. एका साच्यातून दोन भाषा ओतल्या की त्या सारख्या दिसू लागतात. ‘मी लिहिले आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ, म्हणून तो ‘प्रेझेंट परफेक्ट’. ‘मी लिहिले होते’ हा पूर्ण भूतकाळ, म्हणून तो ‘पास्ट परफेक्ट’. अशा रीतीने नावे जुळली आणि अर्थही जुळतो असे गृहीत धरले गेले.

मुळात ‘पूर्ण’ या शब्दाने काहीच वेगळे होत नाही. ‘मी काल जेवलो’ या साध्या भूतकाळातील क्रियाही पूर्णच आहे. कालचे जेवण आज अर्धवट राहिलेले नसते. उलट ‘आय हॅव लिव्ह्ड इन अंबरनाथ फॉर टेन इयर्स’ या वाक्यात प्रेझेंट परफेक्ट असूनही राहण्याची क्रिया पूर्ण झालेली नाही, ती चालूच आहे. तेव्हा क्रिया पूर्ण झाली की पूर्णकाळ वापरावा, हा वर्गात सर्रास सांगितला जाणारा नियम विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी फसवतो.

तीन क्षणांची कल्पना

या घोटाळ्यातून बाहेर पडण्यासाठी हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मांडलेली कल्पना अध्यापनाला फार उपयोगी पडते. काळ समजण्यासाठी बोलण्याचा क्षण आणि घटनेचा क्षण हे दोन पुरेसे नाहीत, तिसराही एक क्षण लागतो, असे त्याने दाखवले. त्याला आपण संदर्भक्षण म्हणू. बोलणारा ज्या ठिकाणी उभा राहून घटनेकडे पाहतो, ते ठिकाण म्हणजे संदर्भक्षण.

आपल्या भागात लोकलगाडीशिवाय दिवस जात नाही, म्हणून उदाहरणही तेच घेऊ. ‘द ट्रेन लेफ्ट ॲट एट’ असे म्हणताना बोलणाऱ्याची नजर आठ वाजताच्या फलाटावर आहे. घटनाक्षण आणि संदर्भक्षण एकच, आणि दोन्ही मागे पडलेले. ‘द ट्रेन हॅज लेफ्ट’ असे म्हणताना गाडी सुटली आधीच, परंतु बोलणारा उभा आहे तो आत्ताच्या रिकाम्या फलाटावर. येथे संदर्भक्षण बोलण्याच्या क्षणाशी एकरूप झाला आहे. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ या वाक्यात बोलणारा मनाने भूतकाळातील एका क्षणी, स्थानकावर पोहोचण्याच्या क्षणी, जाऊन उभा राहतो आणि तेथून आणखी मागे पाहतो. ‘बाय नाइन, द ट्रेन विल हॅव लेफ्ट’ यात तो पुढच्या नऊ वाजता जाऊन उभा राहतो आणि तेथून मागे वळतो.

चारही वाक्यांत गाडी सुटणे हीच क्रिया आहे आणि प्रत्येकीत ती पूर्णही होते. बदलते ते पाहणाऱ्याचे ठिकाण. प्रेझेंट परफेक्टमध्ये ‘यस्टरडे’, ‘इन २०१९’, ‘लास्ट इयर’ असे शब्द का चालत नाहीत, याचा उलगडाही येथेच होतो. हे शब्द संदर्भक्षणाला भूतकाळात खेचतात आणि ‘हॅव’ त्याला वर्तमानात धरून ठेवते. एकाच माणसाला दोन फलाटांवर उभे करता येत नाही. ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘सो फार’, ‘यट’ हे शब्द मात्र चालतात, कारण त्यांचा काळ आत्तापर्यंत येऊन पोहोचलेला असतो.

‘हॅव’ कोठून आले?

मराठीत या जागी ‘असणे’ आहे, इंग्रजीत ‘हॅव’ म्हणजे जवळ बाळगणे. या फरकामागे इतिहास आहे. प्राचीन इंग्रजीत ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेल्या स्थितीत आहे’ अशा धाटणीची रचना होती : ‘आय हॅव द लेटर रिटन’. तेथे ‘रिटन’ हे पत्राचे विशेषण होते. कालांतराने शब्दक्रम बदलला, ‘हॅव’चा मालकीचा अर्थ विरला आणि ‘आय हॅव रिटन द लेटर’ ही आजची रचना रूढ झाली. तथापि मूळ अर्थाची एक खूण शिल्लक राहिली : घटना मागची असली तरी तिचे फलित आज बोलणाऱ्याच्या पदरात आहे. विद्यार्थ्यांना हा इतिहास दोन मिनिटांत सांगता येतो, आणि ‘हॅव’ वर्तमानकाळी रूप का आहे, हा प्रश्न त्यांना पुन्हा पडत नाही.

गतिवाचक क्रियापदांच्या बाबतीत जुनी इंग्रजी ‘बी’ हे सहायक क्रियापद वापरत असे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ‘इज कम’ अशी रूपे विपुल आहेत. आपले ‘तो आला आहे’ हे शब्दशः तेच. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याचे ‘ही इज कम’ हे चुकीचे वाक्य इंग्रजीला पूर्णपणे अनोळखी नाही. ते चारशे वर्षे उशिरा आले आहे इतकेच.

मराठीत प्रत्यक्षात काय घडते?

आता समीकरणाची मराठी बाजू पाहू. येथेच विषय खरा गुंतागुंतीचा आहे आणि येथेच इंग्रजीची पाठ्यपुस्तके गप्प असतात.

पहिली गोष्ट अशी की, इंग्रजी प्रेझेंट परफेक्टचे पुष्कळसे काम मराठीत साधा भूतकाळच करतो. दुपारी भेटलेल्या सहकाऱ्याला आपण ‘जेवलात का?’ असे विचारतो. ‘जेवला आहात का?’ असे क्वचितच. इंग्रजीत मात्र ‘हॅव यू हॅड लंच?’ ही स्वाभाविक रचना. ‘किल्ली हरवली’, ‘गाडी आली’, ‘निकाल लागला’ ही सर्व वाक्ये आत्ताच्या स्थितीविषयी आहेत, तरी त्यांत ‘आहे’ नाही. इतकेच काय, हाक आल्यावर जागचे न हलता आपण ‘आलो, आलो’ म्हणतो. तेथे तर घटना अजून घडायचीच असते. म्हणून ‘आहे’ दिसले की ‘हॅव’ लावा, हा नियम पाळणारा विद्यार्थी जेथे ‘हॅव’ हवे अशा कितीतरी जागी ते लावतच नाही. ही चूक आपल्या लक्षातही येत नाही, कारण ‘आय लॉस्ट माय की’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे आणि अमेरिकी बोलण्यात ‘डिड यू ईट यट?’ अशी रचना सहज चालते.

याउलट मराठीचे ‘आहे’ निश्चित कालदर्शकाला मुळीच बिचकत नाही. ‘मी हा चित्रपट गेल्या वर्षी पाहिला आहे’, ‘त्यांनी २००७ साली एम.फिल. केले आहे’ ही निर्दोष मराठी वाक्ये आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा. त्या आधारे आपण ‘हे मंदिर अकराव्या शतकात बांधलेले आहे’ असे बिनदिक्कत लिहितो, कारण मंदिर डोळ्यांसमोर उभे आहे. इंग्रजीत हेच वाक्य ‘हॅज बीन बिल्ट इन द इलेव्हन्थ सेंच्युरी’ असे नेले की ते चुकते. तेथे दोन वाक्ये करावी लागतात : ‘इट वॉज बिल्ट इन द इलेव्हन्थ सेंच्युरी’ आणि ‘इट हॅज स्टुड फॉर मोअर दॅन नाइन सेंच्युरीज’. मराठी एका वाक्यात घटना आणि तिचे आजचे अस्तित्व दोन्ही सांगते. इंग्रजी त्यांची वाटणी करते. याबाबत मराठी एकटी नाही. फ्रेंचमध्ये आणि बोली जर्मनमध्येही ‘हॅव’सारख्या सहायक क्रियापदाने बनलेला पूर्णकाळ ‘काल’ या शब्दासोबत सुखाने नांदतो. किंबहुना नियमाला अपवाद ठरते ती इंग्रजीच.

नकारार्थी वाक्यांत तर भेदच नाहीसा होतो. ‘मी जेवलो’ आणि ‘मी जेवलो आहे’ ही दोन वेगळी वाक्ये, पण दोहोंचा नेहमीचा नकार ‘मी जेवलो नाही’ असाच होतो. ‘नाही’ने ‘आहे’ला गिळून टाकलेले असते. ‘मी अजून अर्ज भरला नाही’ आणि ‘मी काल अर्ज भरला नाही’ या वाक्यांत क्रियापदाचे रूप अगदी एक आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘हॅव नॉट फिल्ड’ आणि दुसऱ्यासाठी ‘डिड नॉट फिल’ लागते. विद्यार्थ्याला मराठी क्रियापदाकडून काहीच सूचना मिळत नाही. ती ‘अजून’ आणि ‘काल’ या क्रियाविशेषणांकडून घ्यावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते काळांच्या तासिकेची सुरुवात क्रियापदाऐवजी क्रियाविशेषणांपासून करावी, याचे सर्वांत भक्कम कारण हे आहे. ‘जेवलेलो नाही’ हे ‘-लेला’चे रूप येथे थोडा आधार देते. ‘मी लोणावळा पाहिलेले नाही’ असे म्हटले की आजवरच्या अनुभवाचा अर्थ स्पष्ट होतो आणि ‘आय हॅव नेव्हर सीन’कडे जाण्याची वाट सापडते.

तिसरी अडचण ‘पासून’ची. ‘२००९ पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी मराठीत एकच शब्दयोगी अव्यय आहे. पहिल्यात आरंभबिंदू आहे, दुसऱ्यात कालावधी. इंग्रजी त्यांना ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ असे वेगळे करते. शिवाय क्रियापद मराठीत साधे किंवा अपूर्ण वर्तमानकाळी असते : ‘मी दहा वर्षांपासून येथे राहतो’, ‘राहत आहे’. इंग्रजीला येथे पूर्णकाळ लागतो, ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’. मराठीतील ‘मला येथे येऊन दहा वर्षे झाली’ ही रचना या बाबतीत अधिक जवळची आहे. आलेला क्षण मागे आहे आणि मोजदाद आजपर्यंतची आहे. ‘इट हॅज बीन टेन इयर्स सिन्स आय केम हिअर’ हे तिचे जवळजवळ शब्दशः रूप.

‘होते’ आणि ‘हॅड’

सर्वांत खोल गैरसमज ‘होते’च्या बाबतीत आहे. ‘मी काल ठाण्याला गेलो होतो’ हे वाक्य आपण का उच्चारतो? त्यात दुसरी कोणतीही भूतकालीन घटना नाही, जिच्या आधी हे जाणे घडले. ‘गेलो होतो’चा अर्थ गेलो आणि परत आलो असा आहे, जाण्याचे फलित आता उरलेले नाही. ‘दादा ठाण्याला गेला आहे’ म्हणजे तो तेथे आहे, ‘गेला होता’ म्हणजे तो आता येथे आहे. ‘खिडकी उघडली होती’ असे म्हटले की ऐकणारा समजतो, ती पुन्हा बंद झालेली असावी. जगातील अनेक भाषांत अशी रूपे आढळतात आणि प्लुंग्यान व व्हान डेर आउवेरा या भाषावैज्ञानिकांनी २००६ साली त्यांचा ‘खंडित भूतकाळ’ या अर्थाच्या संज्ञेखाली स्वतंत्र विचार केला आहे.

इंग्रजी ‘हॅड’ला या खंडिततेशी काही देणेघेणे नाही. त्याला हवा असतो भूतकाळातला दुसरा एक क्षण, ज्याच्या आधी ही घटना घडली. तो क्षण नसेल तर ‘हॅड’ अधांतरी लोंबकळते. ‘तुमच्या भावाचा फोन आला होता’ हे आपल्याकडील नित्याचे वाक्य. त्याचे ‘युवर ब्रदर हॅड कॉल्ड’ असे रूपांतर ऐकणारा इंग्रज पुढील वाक्याची वाट पाहत राहतो. कशाच्या आधी फोन आला? येथे ‘युवर ब्रदर कॉल्ड’ एवढेच पुरे.

कथनात ही अडचण किती वाढते, हे पाहण्यासाठी आपल्याच परिसरातील एक घटना घेऊ. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस २७ जुलैच्या पहाटे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांची राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व अन्य यंत्रणांनी सुटका केली. हा प्रसंग मराठीत सांगताना आपण सहज लिहू : मुसळधार पाऊस झाला होता, उल्हास नदी दुथडी भरून वाहत होती, रुळांवर पाणी आले होते, गाडी थांबली होती, प्रवासी रात्रभर जागे राहिले होते, बचावपथके बोटी घेऊन आली होती, सर्वांना सुखरूप बाहेर काढण्यात आले होते. मराठी वाचकाला येथे काहीही खटकत नाही. ‘होते’च्या या माळेमुळे सगळा प्रसंग एक मिटलेला अध्याय म्हणून समोर येतो.

विद्यार्थी याचे भाषांतर करताना प्रत्येक ‘होते’च्या जागी ‘हॅड’ ठेवतो आणि इंग्रजी परिच्छेदातून घटनांचा क्रमच निघून जातो. कारण आता प्रत्येक घटना कशाच्या तरी आधीची झाली, पण ज्याच्या आधीची, ती घटना कोठेच नाही. इंग्रजी कथनाचा कणा साध्या भूतकाळाचा असतो. ‘द ट्रेन लेफ्ट मुंबई ॲट नाइट. इट स्टॉप्ड निअर वांगणी. द रेस्क्यू टीम्स केम इन बोट्स.’ ही गाडीची मुख्य लाइन. तीवरून मागे वळायचे असेल तेथेच ‘हॅड’ येते : गाडी थांबली, कारण ‘द वॉटर हॅड कव्हर्ड द ट्रॅक्स’, बोटी आल्या तोवर ‘द पॅसेंजर्स हॅड वेटेड फॉर अवर्स’. संपूर्ण परिच्छेदात दोन ‘हॅड’ पुरेसे झाले. वर्गात अभ्यास द्यायचा तर आधी मराठी परिच्छेदातील सर्व घटना कालक्रमाने फळ्यावर मांडून घ्याव्यात, मग कथन कोठून सुरू करायचे ते ठरवावे, आणि त्या आरंभाच्या मागे जाणाऱ्या घटनांखाली रेघ ओढावी. रेघ असेल तेथे ‘हॅड’. रिकाम्या जागा भरण्याच्या शंभर वाक्यांपेक्षा असा एक परिच्छेद अधिक शिकवतो.

भविष्यकाळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण तेथे दोन्ही भाषा बऱ्याच अंशी जुळतात. ‘गाडी आता बदलापूरला पोहोचली असेल’ हा तर्क आणि ‘द ट्रेन विल हॅव रीच्ड बदलापूर बाय नाउ’ हाही तर्कच. ‘उद्या नऊपर्यंत पोहोचलेली असेल’ हे खरे भविष्य. आपण सर्वांत कठीण म्हणून शेवटी ठेवतो तो हा काळ वस्तुतः मराठी विद्यार्थ्याला सर्वांत सोपा जावा.

उल्हासनगरची विशेष परिस्थिती

कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे भाग आजही कॅम्प क्रमांकांनीच ओळखले जातात. त्यामुळे येथील वर्गात मराठी, सिंधी आणि हिंदी अशा तीन भाषांची मुले शेजारी शेजारी बसतात. सिंधी न येणाऱ्या अध्यापकांना हे ठाऊक असायला हवे की, सिंधीतही तृतीयपुरुषी एकवचनाचे क्रियापद ‘आहे’ असेच आहे. ‘मूं किताबु पढ़ियो आहे’ हे सिंधी वाक्य मराठी कानाला अर्ध्याहून अधिक कळते. भूतकाळासाठी तेथे ‘हो’ येते, हिंदीत ‘था’. तिन्ही भाषांत सहायक क्रियापद ‘असणे’ या अर्थाचे आहे आणि सकर्मक क्रियापद पूर्णकाळात कर्त्याऐवजी कर्माशी जुळते : ‘मी पुस्तके वाचली आहेत’. म्हणून ‘हॅव’ की ‘हॅज’ हे ठरवताना विद्यार्थ्याची नजर कर्माकडे वळली, तर नवल नाही. मिश्र वर्गात मातृभाषेचा आधार घेता येत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. पूर्णकाळाच्या बाबतीत तरी ती खरी नाही. फळ्यावर तिन्ही भाषांतील एकेक वाक्य लिहिले की कोणीही परके राहत नाही, आणि इंग्रजी कोठे वेगळी वळते हे सर्वांना एकदमच दिसते.

चूक की भारतीय इंग्रजी?

येथे एक रास्त आक्षेप येतो. ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ किंवा ‘सिन्स टेन इयर्स’ या रचना भारतभर इतक्या प्रचलित आहेत की भारतीय इंग्रजीची लक्षणे म्हणून अभ्यासक त्यांची नोंद करतात. मग त्यांना चूक का म्हणावे? बोलण्यात त्यांना अडवण्याचे कारण नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फलाटावर गप्पा मारणाऱ्याला ‘हॅड’बद्दल टोकणे हा उद्धटपणाच. लेखनाची गोष्ट निराळी आहे. तेथे वाचक समोर नसतो, त्याला उलट विचारता येत नाही आणि काळाच्या एका सहायक क्रियापदावर कधी कधी माणसाची भाकरी अवलंबून असते.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या अनुभव प्रमाणपत्रांचा विचार करावा. ‘शी वर्क्ड इन धिस कॉलेज फॉर सिक्स इयर्स’ म्हणजे तिने येथून काम सोडले आहे. ‘शी हॅज वर्क्ड इन धिस कॉलेज फॉर सिक्स इयर्स’ या वाक्याचा स्वाभाविक अर्थ ती आजही येथेच आहे असा होतो. ‘शी हॅड वर्क्ड’ असे लिहिले तर त्यापुढे काय घडले, अशी शंका निवड समितीतील जाणकार सदस्याच्या मनात येते. ज्यात शंकेसारखे काहीच नव्हते, त्या सेवेवर विनाकारण सावली पडते. मराठी मसुद्यात मात्र ‘काम केले आहे’ आणि ‘काम केले होते’ यांपैकी काहीही लिहिले आणि पुढे तारखा दिल्या, तरी अर्थ निभावून जातो. त्यामुळे हे प्रमाणपत्र मनात मराठीत तयार करून इंग्रजीत उतरवणाऱ्या कार्यालयाला आपण काही वेगळे लिहीत आहोत याची जाणीवही होत नाही. सेवा चालू असेल तर ‘हॅज बीन वर्किंग सिन्स’ आणि आरंभाची तारीख. संपली असेल तर ‘वर्क्ड फ्रॉम’ आणि दोन्ही तारखा. ‘हॅड’ला अशा प्रमाणपत्रात सहसा जागा नसते. औद्योगिक वसाहतींत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या आपल्या पदवीधरांनाही एवढे दोन नमुने पाठ करून दिले तर व्याकरणाचा तो सर्वांत उपयुक्त तास ठरेल.

वार्षिक अहवालांतही हीच स्थिती आहे. ‘चर्चासत्र आयोजित करण्यात आले होते’ हे मराठी अहवालाचे ठरलेले वाक्य इंग्रजीत ‘अ सेमिनार हॅड बीन ऑर्गनाइज्ड ऑन’ आणि पुढे तारीख असे होते. तारीख दिली की ‘वॉज ऑर्गनाइज्ड’. तारीख न देता वर्षभराची गोळाबेरीज सांगायची असेल तर ‘धिस इयर द डिपार्टमेंट हॅज ऑर्गनाइज्ड थ्री सेमिनार्स’. वर्ष अजून संपलेले नसेल तरच. संपल्यानंतर लिहिलेल्या अहवालात पुन्हा साधा भूतकाळ.

शोधनिबंधात ही बाब अधिक सूक्ष्म होते. मराठीत ‘ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे’ असे आपण सातशे वर्षांनंतरही लिहितो, कारण शब्द आजही आपल्यापुढे आहेत. बर्नार्ड कॉम्री यांचा ‘आस्पेक्ट’ हा ग्रंथ १९७६ चा. त्यात प्रेझेंट परफेक्टचे फलित, अनुभव, अखंड चालू स्थिती आणि नुकतीच घडलेली घटना असे चार उपयोग सांगितले आहेत. याचा उल्लेख करताना ‘कॉम्री हॅज स्टेटेड इन १९७६’ असे लिहिणे चुकीचे, कारण ‘इन १९७६’ हे कालदर्शक आहे. पण ‘कॉम्री’ या नावानंतर कंसात १९७६ लिहून पुढे ‘हॅज आर्ग्यूड’ म्हटले तर ते पूर्णतः योग्य आहे. कंसातले वर्ष ग्रंथाची खूण असते. ते क्रियापदाला काळ सांगत नाही, आणि लेखकाचा युक्तिवाद आजच्या चर्चेत जिवंत आहे एवढेच ‘हॅज’ सुचवते. युक्तिवाद पुढे खोडला गेला असेल आणि आपल्याला तो केवळ इतिहास म्हणून नोंदवायचा असेल, तर तेथे ‘आर्ग्यूड’ लिहावे.